एनएसईसी केमिस्ट्री परीक्षा : गोव्यातल्या अकरावी-बारावीवाल्यांसाठी पात्रता, फॉर्म आणि कागदपत्रं

ऑगस्ट उजाडला की मेसेज सुरू होतात, सर ती केमिस्ट्रीची ऑलिंपियाडवाली परीक्षा कधी असते, फॉर्म कुठे मिळतो, दहावीला नव्वद टक्के हवेत का. एकेकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो.

परीक्षेचं पूर्ण नाव नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन इन केमिस्ट्री, सगळे एनएसईसीच म्हणतात. घेते इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, म्हणजे आयएपीटी. हो, केमिस्ट्रीची परीक्षा फिजिक्सवाल्यांची संघटना घेते (केमिस्ट्री शिक्षकांची संघटना जोडीला असते), त्यामुळे गूगलवर शोधताना मुलांना वाटतं आपण भलत्याच साइटवर आलो आणि ती परत फिरतात. फिरू नका, साइट तीच. शाळेत रंगीत पुस्तकासकट वाटतात त्या खाजगी ऑलिंपियाड वेगळ्या, त्यांचा आणि हिचा काही संबंध नाही. ही सरकारमान्य साखळीतली पहिली पायरी आहे. दुसरी पायरी आयएनसीएचओ, म्हणजे इंडियन नॅशनल केमिस्ट्री ऑलिंपियाड, ती मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं. तिथून साधारण ३५ मुलं उन्हाळ्यात मानखुर्दच्या कॅम्पला जातात आणि त्यातून ४ जणांची टीम आंतरराष्ट्रीय केमिस्ट्री ऑलिंपियाडला. ही स्पर्धा १९६८ ला प्रागमध्ये सुरू झाली, भारत १९९९ पासून जातोय आणि २००१ ला तर ती मुंबईतच भरली होती.

आता पात्रता. टक्क्यांची अट नाही, हे आधी डोक्यात घ्या. दहावीला साठ टक्के असले तरी फॉर्म भरता येतो, कोणी विचारत नाही. विद्यार्थी बारावीत किंवा त्याखालच्या वर्गात हवा. बारावी होऊन गेलीय आणि आता नीटसाठी एक वर्ष घरी बसलाय, त्याला चालत नाही, दरवर्षी दोघेतिघे विचारतातच म्हणून स्पष्ट लिहितो. दुसरी अट वयाची. आंतरराष्ट्रीय नियम असा की स्पर्धेच्या वर्षी १ जुलैला मुलाचं वय २० च्या आत पाहिजे, म्हणून २०२६ च्या ऑलिंपियाडच्या साखळीसाठी जन्म १ जुलै २००६ किंवा त्यानंतरचा लागत होता, पुढच्या प्रत्येक वर्षी ती तारीख एकेक वर्षाने सरकते. ब्रोशरमध्ये अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं छापलेलं असतं, त्यातली दोन्ही टोकं बघा, कारण फार लहान मुलंही बाहेर राहतात. दहावी आणि खालच्यांसाठी ज्युनिअर सायन्सची वेगळी परीक्षा आहे, आणि जो ती देतो त्याला त्याच वर्षी एनएसईसी देता येत नाही, एकच काहीतरी निवडायचं.

तिसरी अट आपल्याकडे जास्त लागू पडते. देशाच्या टीममधून जायचं तर भारतीय पासपोर्ट मिळण्याचा हक्क हवा. गोव्यात आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मावरून पोर्तुगालला नोंदणी केलेली घरं पुष्कळ आहेत आणि काही मुलांच्या हातात पोर्तुगीज पासपोर्ट आधीच आलेला असतो. आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. ओसीआय कार्डवाल्यांसाठी (मूळचे भारतीय, पण नागरिकत्व परदेशाचं) होमी भाभा केंद्राच्या साइटवर वेगळी सूचना असते, ती त्या वर्षीची वाचून मगच पैसे भरा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता ती गोष्ट जिच्यासाठी मी एवढं टायपिंग करतोय. दुसऱ्या पायरीला मुलं निवडताना नुसती देशभराची एकच मेरिट लिस्ट लावत नाहीत. वरच्या दहा जणांच्या सरासरीवरून एक किमान मार्क ठरतो. ज्यांचे मार्क खूपच वर आहेत ते सरळ आत, मग प्रत्येक राज्याचा वाटा, आणि त्यानंतर एक कलम असं की प्रत्येक राज्यातून आणि केंद्रशासित प्रदेशातून निदान एक मुलगा किंवा मुलगी घ्यायचीच, फक्त त्याने तो किमान मार्क ओलांडलेला पाहिजे. आपलं राज्य दोन जिल्ह्यांचं होतं, आता नवा कुशावती धरून तीन, सायन्सला जाणारी मुलं मोजकी, त्यातही ही परीक्षा देणारी आणखी मोजकी. महाराष्ट्रातल्या किंवा राजस्थानातल्या पोराला ज्या गर्दीतून वाट काढावी लागते ती आपल्या वाळपई-काणकोणच्या पोराला नाही. म्हणजे सोपं आहे असं नाही, किमान मार्क काढणं हेच मोठं काम असतं, पण दार उघडं आहे आणि आपली मुलं दारापर्यंतच जात नाहीत, कारण बहुतेकांना फॉर्मची तारीख गेल्यावर कळतं.

तारखेचं गणित असं. नोंदणी साधारण ऑगस्टच्या शेवटाकडून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमकी गणेश चवथीच्या आगेमागे. हायर सेकंडरीला सुट्टी, सर गावाला, घरात गणपतीवर माटोळी (फळं-पानांचं छत) बांधायची गडबड, आणि तेवढ्यात मुदत संपते. म्हणून चवथीच्या आधीच उरकून टाका. फॉर्म आयएपीटीच्या वेबसाइटवर ऑनलाइन. परीक्षा देशभरातल्या शाळा-कॉलेजात होते, प्रत्येक केंद्राला एक कोड असतो. तुमची हायर सेकंडरी केंद्र असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर साइटवरच्या यादीत गोवा निवडून जवळचं केंद्र बघा आणि तिथल्या प्रभारी शिक्षकांना फॉर्म भरण्याआधी एक फोन करा, बाहेरची मुलं बसवता का म्हणून. बहुतेक जण हो म्हणतात. तुमच्याच संस्थेला केंद्र करून घ्यायचं असेल तर ते काम मुलांच्या नोंदणीच्या आधी सुरू होतं, जुलैतच प्रिन्सिपलांच्या मागे लागा. फी विषयामागे वेगळी, फिजिक्स आणि बायोलॉजीच्या परीक्षाही अशाच असतात आणि वेळा वेगळ्या असल्यामुळे एक मुलगा दोन-तीन विषय देऊ शकतो, पण पैसे तेवढ्या पटीत. एका ठिकाणी शिक्षकांनी वर्गात फी गोळा केली, मुलांची नावं वहीत लिहिली आणि पोर्टलवर भरायचं राहूनच गेलं, नोव्हेंबरात अ‍ॅडमिट कार्डच निघेना. शाळेमार्फत भरत असाल तरी नोंदणी झाल्याचा मेसेज किंवा पावती स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

कागदपत्रांचा फार बाऊ नाही. फॉर्म भरताना फोटो, जन्मतारीख, चालू मोबाइल आणि ईमेल एवढ्यावर काम होतं. ईमेल सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका, पुढचं सगळं त्यावरच येतं. परीक्षेच्या दिवशी अ‍ॅडमिट कार्डाची प्रिंट आणि फोटो असलेलं ओळखपत्र, कॉलेजचं आयडी किंवा आधार. खरी गंमत नावाच्या स्पेलिंगची. आपल्याकडे जन्मदाखल्यावर शिरोडकर जुन्या पोर्तुगीज वळणाने एक्सने सुरू होतं, गोवा बोर्डाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर एसने, आधारवर तिसरंच काहीतरी. एनएसईसीला अडत नाही, पण मूल पुढच्या पायऱ्या चढलं आणि पासपोर्टची वेळ आली की तिथे सगळं थांबतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं नाव आहे तसंच, एकही अक्षर न बदलता फॉर्मवर टाका आणि बाकीचे कागद सवडीने त्याला जुळवून घ्या. नाव दुरुस्तीला आपल्याकडे किती हेलपाटे पडतात ते सांगायला नको.

पेपर नोव्हेंबरात, दोन तासांचा, ६० प्रश्न, २१६ मार्क, ओएमआर शीटवर. पहिले ४८ प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले, बरोबर आला की ३, चुकला की १ कापतात. उरलेले १२ असे की एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर पर्याय टिक केले तरच ६, पण इथे निगेटिव्ह नाही. त्यामुळे हे १२ एकही कोरा सोडायचा नाही. पहिल्या भागात डोळे मिटून मारलेला ठोका सरासरी शून्यावर येतो (चारात एकदा ३ मिळणार, तीनदा १ जाणार), पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर ठोका फायद्याचा.

अभ्यास अकरावी-बारावीच्या सीबीएसई पातळीचा, गोवा बोर्डालाही एनसीईआरटीचीच पुस्तकं असल्यामुळे आपल्या मुलांना वेगळं काही घ्यावं लागत नाही, आणि मराठी शाळेतून आलेली मुलंही पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली असल्यामुळे इंग्रजी पेपरचा बाऊ नको. पण पाठांतरावर चालत नाही. नमुना बघा, हा मी बनवलाय, पेपरातला नाही. तिसऱ्या खाल्ल्यावर उरलेल्या १० ग्रॅम शिंपल्या, त्यात ९० टक्के कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली ओतलं, तर ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला कार्बन डायऑक्साइड किती लिटर? वर्गातली हुशार मुलं ९ ग्रॅम भागिले १०० करून ०.०९ मोल काढतात, २२.४ ने गुणतात आणि २.०१६ सांगून मोकळी होतात. शुद्धता ज्यांच्या नजरेतून सुटते ती २.२४ म्हणतात. दोन्ही चूक. एका मोल कार्बोनेटला दोन मोल आम्ल लागतं, म्हणजे ०.१८ मोल हवं होतं आणि आहे ०.१ च, आम्ल आधी संपणार, वायू ०.०५ मोल, उत्तर १.१२ लिटर. आणि प्रश्नात १ अ‍ॅटमॉस्फिअरऐवजी १ बार लिहिलं असतं तर २२.४ च्या जागी २२.७ आलं असतं, नव्या एनसीईआरटीत एसटीपी (प्रमाण तापमान आणि दाब) म्हणजे १ बारच. परीक्षा हेच तपासते, मोल, मर्यादित अभिक्रियक (जो आधी संपतो तो), समतोल, ऑक्सिडेशन नंबर, बंधांचे आकार, हे पाया म्हणून शिकवतात ते खरंच कळलंय का. जुने पेपर फुकट मिळतात, दुसऱ्या पायरीचे तर उत्तरांसकट होमी भाभा केंद्राच्या साइटवर आहेत. महागडं मॉड्यूल घेण्याआधी ते सोडवा.

केंद्र पणजीला मिळालं तर एक सूचना, त्याच सुमाराला इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, दक्षिणेकडून येणाऱ्यांनी मांडवी-मिरामारच्या ट्रॅफिकचा वेळ धरून निघा. उशिरा पोचलेल्याला जादा वेळ देत नाहीत.

पेपरनंतर काही दिवसांत कच्ची उत्तरसूची साइटवर येते, चूक दिसली तर मुदतीत हरकत घेता येते, मग पक्की सूची आणि निकाल. प्रत्येक केंद्रातल्या वरच्या १० टक्के मुलांना सर्टिफिकेट मिळतं, ते दुसऱ्या पायरीशी जोडलेलं नाही, तिची यादी वेगळी. त्या यादीत नाव आलं तर होमी भाभा केंद्राच्या साइटवर परत स्वतः नोंदणी करावी लागते, आपोआप होत नाही, आणि त्याला मुदत थोडी असते. ती परीक्षा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकी बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर. म्हणून पहिला प्रयत्न अकरावीतच करा, बारावीत परत देता येते.