खिडकीच्या खाचेतली धूळ

जुन्या लाकडी खिडकीची झडप उघडता-मिटता चौकटीवर घासत राहते आणि खालच्या खाचेत पिठासारखी बारीक धूळ जमते. त्या खिडकीच्या जुन्या थरांमध्ये शिसे असलेला रंग असेल, तर ही चिमूटभर धूळ रांगत्या बाळासाठी मोठाच धोका असतो. बाळ खिडकीला धरून उभे राहते, जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. विषबाधेला रंगाचे पोपडे खावेच लागतात असे नाही. बहुतेकदा ती अशी हातावाटेच होते.

रंग टिकाऊ व्हावा आणि लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत असत. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्येच मुलांच्या विषबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्याच्या रंगात असल्याचे दाखवून दिले होते. तरीही अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा रंगावर बंदी यायला 1978 साल उजाडले. मधल्या काळात रंगवलेल्या कितीतरी भिंती आणि खिडक्या आजही वापरात आहेत.

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे जेवढे शोषतात, त्याच्या चार-पाच पट लहान मुले शोषू शकतात, आणि अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून बसते. त्यामुळे ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि घडत असलेल्या मेंदूतही शिरते, जिथे चेतापेशींचे एकमेकींशी चालणारे संदेशवहन त्याच्यामुळे बिघडते. बुद्धी, एकाग्रता आणि वागणूक यांवर होणारा हा परिणाम बहुधा कायमचा असतो. वरून मात्र मूल ठणठणीत दिसते. म्हणून रक्ततपासणीला पर्याय नाही. अमेरिकेत 2021 पासून डेसिलिटरमागे 3.5 मायक्रोग्रॅम ही पातळी लक्ष देण्याजोगी मानली जाते, पण त्याखालचे शिसे सुरक्षित असा तिचा अर्थ नव्हे. सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी आजवर आढळलेलीच नाही.

धोका कळल्यावर पालक सर्वांत आधी जे करायला धावतात, तेच नेमके घातक ठरते: पॉलिश पेपर घेऊन जुना रंग खरवडणे. एकसंध चिकटून असलेला रंग फारसा त्रास देत नाही, पण कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे आणि ते चालू असताना मुलांना व गर्भवतींना दुसरीकडे ठेवावे. तोवर खाचा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी, कारण झाडूने धूळ नुसती उडते. जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत, तोंडात जाणारी खेळणीही धुवावीत. जुन्या नळजोडांतूनही शिसे पाण्यात उतरते आणि गरम पाण्यात ते अधिक विरघळते. म्हणून स्वयंपाकाला थंड नळाचेच पाणी घ्यावे. उकळल्याने शिसे जात नाही.

रक्तातील पातळी फार वाढल्यास डॉक्टर शिसे बाहेर काढणारे औषध देतात. मात्र मेंदूचे झालेले नुकसान त्याने भरून निघत नाही, आणि रुग्णालयातून मूल पुन्हा त्याच खिडकीपाशी खेळू लागले, तर उतरलेली पातळी परत चढते.