आघातबल : आवेग-संवेग पद्धत
दोन वस्तूंच्या टकरीत अत्यल्प काळ कार्य करणाऱ्या मोठ्या बलास आघातबल म्हणतात. ते क्षणोक्षणी बदलत असल्याने टकरीपूर्वीचा व नंतरचा संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) यांतील फरक काढून त्यास स्पर्शकालाने भागण्याची पद्धत आहे. हा फरक म्हणजेच आवेग. तो बल-काल आलेखाखालील क्षेत्रफळाइतका असतो. भागाकारातून मिळते ते मात्र सरासरी बल.

०·१६ किग्रॅ. वस्तुमानाचा क्रिकेटचा चेंडू ३० मी./से. वेगाने येऊन फटक्यानंतर त्याच रेषेत ४० मी./से. वेगाने परतला, तर संवेग सदिश (परिमाणाबरोबर दिशाही असलेली राशी) असून वेगांच्या दिशा परस्परविरुद्ध असल्याने दोन्ही वेगांची बेरीज घ्यावी लागते व आवेग ११·२ न्यूटन-सेकंद येतो. स्पर्शकाल एक सहस्रांश सेकंद धरल्यास सरासरी बल ११,२०० न्यूटन, आणि आलेख अर्ध्या ज्या-वक्रासारखा (साइन-वक्रासारखा) मानल्यास कमाल बल सु. १७,६०० न्यूटन भरते. पाठ्यपुस्तकी उदाहरणे बहुधा पहिल्या आकड्यावरच थांबतात. बॅट तडकेल की नाही, हे ठरवताना दुसरा अधिक उपयोगी पडतो.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. गॅलिलीओ यांनी आघाताची तुलना स्थिर वजनाशी करून पाहिली; परंतु आवेग व बल या भिन्न राशी असल्याने ती तुलना तडीस जाणे शक्य नव्हते. देकार्त यांच्या १६४४ मधील टकरीच्या नियमांत गतीच्या दिशेचा योग्य विचार नसल्याने त्यांतील बहुतेक चुकीचे ठरले. टकरीचे नियम मांडण्याच्या लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या १६६८ मधील आवाहनानंतर वॉलिस, रेन व हायगेन्झ या शास्त्रज्ञांनी आपापले नियम कळविले. पैकी हायगेन्झ यांचे विवेचन बहुधा १६५० नंतरच्या दशकातच सिद्ध झाले असावे, मात्र त्यांचा ग्रंथ मरणोत्तर, १७०३ मध्ये निघाला. न्यूटन यांच्या दुसऱ्या नियमाच्या १६८७ मधील शब्दरचनेत कालाचा उल्लेख नाही. त्यामुळे तेथील ‘बल’ म्हणजे आजचा आवेग, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते नियमात अखंड (सतत कार्य करणारे) बलही अभिप्रेत आहे. मूळ शब्दांशी पहिला अर्थ अधिक जुळतो. कालाचा स्पष्ट समावेश असलेली मांडणी अठराव्या शतकाच्या मध्यास, मुख्यतः ऑयलर यांच्या लेखनातून रूढ झाली.

प्रत्यक्ष गणनेत खरी अडचण स्पर्शकालाची असते. हर्ट्‌झ यांच्या १८८२ मधील सिद्धांतानुसार स्थितिस्थापक गोलांचा स्पर्शकाल सापेक्ष वेगाच्या पंचममुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून वेग दुप्पट झाल्यास आवेग दुप्पट होतोच, शिवाय स्पर्शकालही घटतो आणि आघातबल दुप्पट न होता सु. २·३ पट होते. कायमची विरूपता आणणाऱ्या टकरींस हे लागू पडत नाही, त्यामुळे मोटारींच्या आघात-चाचण्यांत त्वरणमापींच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो.