भारी मॉडची किंमत आली कुठून: व्हेपच्या उपकरणांची पार्श्वभूमी

व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो किमतीपाशी. एक डिव्हाइस अगदी स्वस्तात मिळतं, शेजारी ठेवलेलं दुसरं त्याच्या दहापट, आणि कुठेतरी काचेच्या पेटीत तिसरं असतं ज्यावर सिरियल नंबर कोरलेला आणि किंमत बघून आपण आधी चष्मा पुसतो. तिन्हींच्या आत काम तेच. बॅटरी एका तारेला तापवते, तारेला चिकटलेल्या कापसातलं निकोटीनचं लिक्विड तापून वाफ होते, आपण ती ओढतो. मग एवढा फरक कशाचा? याचं उत्तर आजच्या जाहिरातीत सापडत नाही, ते मागच्या वीस वर्षांत हे उपकरण कुठल्या कुठल्या अडचणींतून गेलं त्यात आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सिगरेट न ओढणाऱ्याने यातलं काहीच घ्यायची गरज नाही, स्वस्तही नाही आणि महागही नाही, निकोटीन ते निकोटीनच आणि त्याची सवय लागते. शिवाय भारतात २०१९ पासून ई-सिगरेटच्या विक्रीवर बंदी आहे, थायलंड-सिंगापूरमध्येही आहे, तेव्हा आपण जिथे आहोत तिथला कायदा आधी बघायचा. पुढचं सगळं जिथे हे कायदेशीर आहे आणि माणूस आधीच सिगरेट ओढतोय असं धरून.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसाने १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगरेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ मध्ये ते मिळालंही, पण बनवायला कोणी पुढे आलं नाही. तेव्हा सगळं जग बिनधास्त सिगरेट ओढत होतं आणि इतकीशी बॅटरी एवढं काम करेल असंही नव्हतं. नंतर चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टने २००३ मध्ये आजच्या अर्थाने चालणारं यंत्र केलं, त्यात तार तापवून नाही तर अल्ट्रासाउंडच्या कंपनाने लिक्विडचे बारीक थेंब उडवले जायचे. कंपनीचं नाव रुयान, म्हणजे साधारण 'धुरासारखं'. कंपनाची भानगड मागे पडली आणि तापणारी तार टिकली, कारण ती स्वस्त आणि साधी.

२००६-०७ च्या सुमारास ही यंत्रं युरोप-अमेरिकेत पोचली ती सिगरेटच्या रूपात, पांढरी नळी, पुढे लाल किंवा निळा दिवा. दिसायला छान, पण बॅटरी जेमतेम दोनशे एमएएचच्या आसपास (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), म्हणजे दिवसातून दोन-तीनदा चार्जिंग, आणि वाफ अशी की ओढतोय का नुसती हवा खातोय कळायचं नाही. पुढच्या सगळ्या उपकरणांचा जन्म या तक्रारीतून झाला.

पहिली सुधारणा कंपन्यांनी नाही, वापरणाऱ्यांनीच केली. ब्रिटनमध्ये टेड आणि मॅट रॉजर्स यांनी २००८ मध्ये 'स्क्रूड्रायव्हर' नावाचं डिव्हाइस काढलं, ज्यात मोठी बॅटरी बसायची. बाकीचे हौशी लोक टॉर्चच्या नळ्या कापून त्यात बॅटऱ्या कोंबत होते. मॉडिफाय केलेलं म्हणून 'मॉड', आणि आज फॅक्टरीतून डब्यात पॅक होऊन येणाऱ्या, कोणीही काहीही मॉडिफाय न केलेल्या डिव्हाइसलाही आपण मॉडच म्हणतो.

याच सुमारास जोयटेक या चिनी कंपनीच्या ५१० नावाच्या मॉडेलमुळे एक फार कामाची गोष्ट झाली. ५१० म्हणजे बॅटरी आणि टँक (लिक्विडची टाकी) जोडणारे आटे, दहा आटे, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरवर, व्यास सात मिलिमीटर. कोणी बसून ठरवलेलं स्टँडर्ड नाही हे, पण सगळ्यांनी तेच उचललं आणि त्यामुळे या कंपनीचा टँक त्या कंपनीच्या बॅटरीवर बसायला लागला. डिव्हाइस निवडताना मी आजही ही गोष्ट आधी बघतो, कारण ज्याची जोडणी फक्त स्वतःच्याच पॉडला, म्हणजे लिक्विडच्या बदलायच्या कुपीला, चालते त्यात आपण त्या एका कंपनीच्या हातात जातो, आणि तिने उद्या पॉड बनवणं बंद केलं की चांगलं चालू डिव्हाइस कचऱ्यात.

मग आलं इगो नावाचं डिव्हाइस. ६५०, ९००, ११०० एमएएचच्या बॅटऱ्या, जाड पेनासारखा आकार, एक बटण, वर भरता येणारा टँक. इथे जरा हिशेब करून बघा. बॅटरीचं व्होल्टेज ३.७ धरा, कॉइलचा, म्हणजे त्या तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स १.८ ओहम. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स म्हणजे पॉवर, तर झाले साडेसात वॉट आणि थोडे वर. बस, एवढ्यावर लोक सिगरेट सोडत होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनशे वॉटचे डबे, म्हणजे डब्याच्या आकाराचे मॉड, येणार आहेत.

बऱ्याच इगोंची खोट एकच, बॅटरी उतरत जाईल तशी वाफ मरायची. ४.२ व्होल्टला सुरू होऊन हळूहळू खाली. त्यावर उपाय म्हणून सर्किटवाले मॉड आले. प्रोव्हेप कंपनीचा प्रोव्हारी आला, व्होल्टेज आपण ठरवायचं आणि बॅटरी उतरली तरी ते कायम राहायचं. एव्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याच्यापुढे जाऊन व्होल्टेजऐवजी थेट वॉट सेट करायची सोय आणली आणि मग डीएनए नावाच्या चिप विकायला सुरुवात केली ज्या दुसरे लोक आपापल्या डब्यात बसवायचे. तेव्हा या डिव्हाइसेसची किंमत भरपूर होती आणि ती योग्यही होती कारण दुसरीकडे ही गोष्ट मिळतच नव्हती. पण २०१४ मध्ये इलीफचा आयस्टिक आला, काड्यापेटीसारखा छोटा डबा, वॉट-व्होल्ट दोन्ही सेट होणारा, आणि किंमत अगदीच कमी. त्या दिवशी खरं तर 'चिपसाठी जास्त पैसे' हा मुद्दा सामान्य माणसासाठी संपला. लोकांना कळायला वेळ लागला एवढंच. मलाही लागला, ते पुढे सांगतो.

दुसरीकडे एक वेगळाच पंथ वाढत होता, मेकॅनिकल मॉडवाल्यांचा. यात चिप नाही, वायर नाही, धातूची नळी, आत बॅटरी, खाली बटण, दाबलं की बॅटरी थेट कॉइलला. ग्रीसमध्ये, फिलिपिन्समध्ये लोक लेथवर तांब्या-पितळेच्या सुंदर नळ्या बनवायचे, कॉन्टॅक्टला चांदीचा मुलामा द्यायचे. आता तांबं आणि चांदी का, तर नुसत्या नळीत व्होल्टेज मध्येच कुठे गळालं तर ते भरून काढायला काही नसतं, म्हणून धातू जितका चांगला तितकी वाफ जास्त. म्हणजे त्या महाग धातूला तिथे खरंच अर्थ होता. चिप आल्यावर मात्र थोडं व्होल्टेज गळालं तर चिप भरून काढते, मग चिपवाल्या डब्यावर तांब्याचं नक्षीकाम म्हणजे निव्वळ दागिना. दागिना घ्यायला काही हरकत नाही, हौसेला मोल नसतं, फक्त 'यामुळे वाफ भारी येते' म्हणून पैसे देऊ नका.

या पंथाची काळी बाजूही आहे. २०१३ ते २०१५ हा ढगांचा काळ, कोण किती मोठा ढग सोडतो याच्या स्पर्धा व्हायच्या. २०१४ मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीने 'व्हेप' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो याच हवेत. मोठ्या ढगासाठी रेझिस्टन्स कमी करायचा, एक ओहमच्या खाली, म्हणून सब-ओहम. आता पुन्हा हिशेब. फुल चार्ज बॅटरी ४.२ व्होल्ट, कॉइल ०.१ ओहम, करंट झाला ४२ अँपिअर. आणि तेव्हा सगळ्यांकडे असायची ती सॅमसंगची २५आर बॅटरी, तिचं रेटिंग २० अँपिअर. म्हणजे दुप्पट. चिप असती तर तिने नकार दिला असता, नळीला नकार देता येत नाही. बटण अडकलं, बॅटरीचं आवरण फाटलं, की काय होतं ते अमेरिकेच्या फायर अॅडमिनिस्ट्रेशनच्या अहवालात आहे, २००९ ते २०१६ मध्ये बातम्यांत आलेल्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना त्यांनी मोजल्या. त्यातल्या बऱ्याच तर डिव्हाइस वापरातही नसताना, खिशात असताना झालेल्या.

बॅटरीचा विषय निघालाय तर इथेच थांबून सांगतो कारण पैसे कुठे वाचवायचे नाहीत ते हेच ठिकाण. या मॉडमधल्या बॅटरीचा १८६५० हा आकडा म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. त्या ढगांच्या काळात बाजारात ४० आणि ६० अँपिअर लिहिलेल्या, ९९०० एमएएच लिहिलेल्या बॅटऱ्या सर्रास मिळायच्या, खऱ्या १८६५० मध्ये तेव्हा ३५००-३६०० एमएएचच्या वर काही नव्हतंच आणि जास्त एमएएच हवं तर अँपिअर कमी हे ठरलेलं. दुसऱ्याच कंपनीच्या सेलला रंगीत आवरण चढवून वर मनाला येईल तो आकडा छापायचा हा धंदा. म्हणून डबा साधा घ्या पण बॅटरी ओळखीच्या कंपनीची खात्रीशीर घ्या, आवरण जरा जरी फाटलं तर बदला, आणि सुटी बॅटरी किल्ल्यांच्या खिशात टाकू नका, प्लास्टिकची डबी अगदी स्वस्त मिळते.

२०१४ मध्येच एव्हॉल्व्हने डीएनए ४० मध्ये टेम्परेचर कंट्रोल आणला. आयडिया खरंच हुशारीची आहे, निकेलच्या तारेचा रेझिस्टन्स ती तापेल तसा वाढतो, चिप तो मोजत राहते आणि त्यावरून तापमान ओळखते, कापूस सुकला की तार एकदम तापते, चिप पॉवर कापते, जळका कापूस घशात जात नाही. ज्याने तो घोट घेतलाय त्याला याची किंमत कळेल. पण हे चालतं निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेवर. बहुतेक कॉइल कँथलच्या, हीटर-टोस्टरमध्ये असते ती तार, आणि तिचा रेझिस्टन्स तापल्यावर जवळजवळ बदलत नाही, हाच तिचा गुण. म्हणजे टेम्परेचर कंट्रोलचे पैसे मोजून आणलेल्या डब्यावर लोक कँथलची कॉइल लावून साध्या वॉट मोडवर वर्षानुवर्षं ओढत राहिले. मी त्यांच्यातलाच एक. दोन बॅटऱ्यांचा, दोनशे वॉटचा, रंगीत स्क्रीनचा मॉड घेतला होता आणि वर लावला होता एक ओहमचा छोटा टँक, सेटिंग १२ वॉट. नाकापेक्षा मोती जड. खिशात ठेवला तर पँट एका बाजूने खाली यायची.

आणि जे खरोखर ८० वॉटवर ओढायचे त्यांना वेगळाच धडा मिळाला. जास्त पॉवर म्हणजे जास्त वाफ, म्हणजे लिक्विड तितकंच जास्त जळणार, साडेसात वॉटवाल्याला जी बाटली आठवडाभर जाते ती इथे दोन दिवसांत खल्लास. डिव्हाइस एकदाच घेतो पण लिक्विड आणि कॉइल कायमच्या, त्यामुळे महिन्याचा खर्च बघायचा तर डब्याची किंमत शेवटी बघावी, त्याची कॉइल किती टिकते, सहज मिळते का आणि तो लिक्विड किती पितो हे आधी.

२०१५ मध्ये जूल नावाचं छोटं डिव्हाइस आलं आणि सगळं उलटं फिरलं. निकोटीनमध्ये बेंझोइक अॅसिड घालून निकोटीन सॉल्ट केलं की जास्त निकोटीन असूनही घशाला बोचत नाही, मग मोठ्या वाफेची गरजच उरत नाही, पेनड्राइव्हएवढं यंत्र पुरतं. हेच त्याचं पापही ठरलं, शाळकरी पोरांपर्यंत ते पोचलं आणि अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. पण उपकरणाच्या दृष्टीने बघितलं तर लहान डिव्हाइस पुरेसं असतं हे सिद्ध झालं. पुढे स्वतः भरता येणारे छोटे पॉड आले.

याला एक भक्कम आधार पण आहे. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांचा अभ्यास आला, वर्षभरानंतर सिगरेटपासून लांब राहिलेले ई-सिगरेट गटात १८ टक्के, निकोटीन पॅच-गम वगैरे दिलेल्या गटात ९.९ टक्के. (त्या १८ टक्क्यांतले बरेच जण वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, तेही सांगायला हवं.) आता त्यांना दिलं काय होतं? साधा, पुन्हा भरता येणारा स्टार्टर किट आणि मिलीमागे १८ मिलिग्रॅम निकोटीनची एक बाटली. सिरियल नंबर कोरलेलं काही नाही.

मधल्या काळात कायदेही आले. युरोपने २०१६ पासून टँक २ मिलीचा, निकोटीन मिलीमागे २० मिलिग्रॅम आणि बाटली १० मिलीची अशी मर्यादा घातली, त्यामुळे अवाढव्य टँकवाल्या महाग डब्यांचा अर्धा रुबाब तिथेच गेला. अमेरिकेने २०२० च्या सुरुवातीला फ्लेवरवाल्या पॉडवर कारवाई केली पण डिस्पोजेबलना वगळलं, मग अर्थातच डिस्पोजेबलचा पूर आला. वापरा आणि लिथियमसकट फेका. सुरुवातीला स्वस्त वाटतात, पण रोज ओढणाऱ्याने दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडला तर भरता येणाऱ्या पॉडपेक्षा कितीतरी जास्त पैसे जातात. ब्रिटनने १ जून २०२५ पासून त्यांची विक्री बंद केली, बेल्जियम आणि फ्रान्सने त्याच वर्षी त्याआधी. मग तेच डिस्पोजेबल चार्जिंगचं छिद्र आणि बदलता येणारा पॉड लावून परत आले, काहींवर तर आता अॅनिमेशन चालणारी स्क्रीन असते, ओढलं की रॉकेट उडतं. आत कॉइल साधारण एक ओहमची, पॉवर दहा-पंधरा वॉट. इगोपेक्षा थोडी जास्त.