कार डिटेलिंग साहित्याची निवड : ठाणे-नवी मुंबईतील नवशिक्या हौशींसाठी

कार डिटेलिंग म्हणजे गाडीचा रंग, काचा, चाके, रबर आणि आतले कापड-प्लॅस्टिक यांची, प्रत्येकाला मानवेल अशा साहित्याने केलेली बारकाईची सफाई आणि निगा. ठाणे आणि नवी मुंबईत हे काम पैसे घेऊन करून देणारे स्टुडिओ पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादली घेऊन स्वतःच्या गाडीवर स्वतः राबणारी हौशी मंडळीही कमी नाहीत. या मंडळींची पहिली अडचण काय घ्यावे ही असते. शाम्पू, वॅक्स, पॉलिश, सिरॅमिक स्प्रे, क्ले, आयर्न रिमूव्हर अशी बाटल्यांची रांग समोर असते आणि प्रत्येक बाटलीवर चकाकणारी गाडी असते. त्यामुळे चमक देणारी बाटली आधी घेतली जाते आणि गाडीला रोज लागणाऱ्या फडक्याचा विचार शेवटी होतो. रंगाचे सर्वाधिक नुकसान मात्र त्या फडक्यानेच होते, म्हणून निवडीची सुरुवात तिथून व्हायला हवी.

रंगाचा थर आणि त्याला लागणारे फडके

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्याच्या वर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीची चमक, खोली आणि उन्हापासूनचे संरक्षण या एवढ्याशा थरावर अवलंबून असते. धुळीचा कण फडक्याखाली घासला गेला की या थरात बारीक ओरखडा उठतो. असे हजारो ओरखडे जमले की मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघांची नक्षी दिसते. यांना स्वर्ल मार्क म्हणतात. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर ते उठून दिसतात, पांढऱ्या गाडीवर लपतात. असतात मात्र दोन्हींवर.

आपल्याकडे त्यांचे मोठे कारण म्हणजे पहाटेची गाडी-पुसणी. एका बादलीत एकच फडके बुडवून रांगेतल्या साऱ्या गाड्या पुसल्या जातात आणि पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर फिरते. पुसणाऱ्याचा यात दोष नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत आणि सोसायटीने दिलेल्या बादलीभर पाण्यात याहून वेगळे काही जमण्यासारखे नसते. त्याला आपली दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी द्यावीत आणि ‘दादा, धूळ असेल तेव्हा नुसत्या काचा पुसा, बॉडीला हात लावू नका’ एवढे सांगून ठेवावे. महागड्या कोटिंगपेक्षा या एका वाक्याने रंग जास्त वाचतो, असे या विषयात मुरलेले बहुतेक जण सांगतील.

मायक्रोफायबरचे फडके पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या चिरलेल्या धाग्यांचे असते. ८०:२० किंवा ७०:३० हे प्रमाण नेहमीचे. त्याची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, अशी सांगतात. वॅक्स किंवा पॉलिश पुसून काढायला ३०० ते ४०० जीएसएमचे, तर गाडी कोरडी करायला ८०० ते १२०० जीएसएमचा मोठा टॉवेल बरा. खरेदी करताना कडेला बोट फिरवून पाहावे. कड कडक शिवणीची असेल तर ते फडके रंगाला लावू नये, चाकांसाठी ठेवावे. कोपऱ्यातला टॅग पहिल्याच दिवशी कापून टाकावा. धुताना सुती कपड्यांत मिसळू नये, कारण सुताचे तंतू त्यात अडकून बसतात. फॅब्रिक सॉफ्टनरही घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसला की फडके पाणी टिपेनासे होते. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावायचे नाही, हा नियम कुठल्याही ब्रँडच्या फडक्याला लागू आहे.

स्पंजऐवजी मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे हातमोज्यासारखी झुबकेदार पिशवी, वापरावी. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असल्याने माती त्याच्या आणि रंगाच्या मध्ये अडकते. मिटच्या लांब धाग्यांत ती आत शिरते.

पाणी आणि शाम्पू

भातसा किंवा मोरबे धरणाचे नळाचे पाणी गाडीला त्रास देत नाही. प्रश्न येतो तो बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याचा. घोडबंदर रोडच्या कित्येक संकुलांत उन्हाळ्यात टँकरवरच भागवावे लागते. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की थेंब उन्हात वाळून पांढरे गोल डाग उरतात. आपले पाणी कसे आहे हे पाहण्यासाठी एखाद्या काळ्या ताटलीवर चार थेंब टाकून वाळू द्यावेत. ठळक पांढरी कडी उमटली तर गाडी एक-एक भाग धुऊन लगेच कोरडी करायची आणि मोठ्या टॉवेलवर आधी खर्च करायचा.

शाम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, असावा. भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा निघतो तसाच गाडीवरचा वॅक्सही निघून जातो, आणि कपड्यांच्या पावडरीचे न विरघळलेले कण रंगावर घासले जातात. ‘वॉश अँड वॅक्स’ प्रकारचे शाम्पू वाईट नाहीत, पण त्यातले वॅक्स नावापुरतेच असते. १० लिटर पाण्यात किती मिली घालायचे ते बाटलीवर वाचावे; फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असे नसते. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत मिट खळबळून काढायला साधे पाणी. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवली की माती तिच्याखाली बसते. पहिल्या धुण्यानंतर त्या तळाकडे एकदा पाहावे. जो गाळ दिसतो तो एरवी बॉनेटवर फिरला असता.

अनेक सोसायट्यांत पाइप लावून गाडी धुवायला मनाई असते. तिथे रिन्सलेस वॉश हाच खरा उपाय. यातले द्रव मातीच्या कणांना वेढून निसरडे करते आणि धुतल्यावर पाणी ओतावे लागत नाही. नेहमीचे प्रमाण सुमारे साडेसात लिटर पाण्याला ३० मिली. मिट फिरवण्याआधी हेच पाणी झाडांवर फवारायच्या हातपंपाने गाडीभर मारून दोन मिनिटे थांबावे. पावसाळ्यात चिखलाचे गोळे चिकटलेल्या गाडीला मात्र हे पुरत नाही. तेव्हा आधी खरे पाणी मारूनच चिखल उतरवावा लागतो.

इथली घाण आणि तिची औषधे

साहित्य कोणते घ्यावे हे गाडी उभी कुठे राहते यावर ठरते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रेल्वेमार्गाच्या कडेला किंवा स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीवर लोखंडाचे सूक्ष्म कण बसतात. ते ब्रेकमधून, रुळांवरून आणि ग्राइंडिंगच्या कामांतून उडतात, रंगात रुततात आणि गंजतात. पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर तांबूस ठिपके दिसू लागले तर ते बहुधा हेच. यासाठी आयर्न रिमूव्हर असतो. त्यात थायोग्लायकोलेट वर्गातले रसायन असते आणि लोखंडाशी संयोग होताच त्याचा रंग जांभळा होतो. वास उग्र असतो, म्हणून बंद बेसमेंटमध्ये मारू नये. हातमोजे घालावेत, थंड पत्र्यावर सावलीत मारावे, काही मिनिटांत वाळण्याआधी धुऊन टाकावे. वर्षातून दोनदा पुरे.

धुऊनही रंग खरखरीत लागतो का, हे पाहायला हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटे फिरवावीत. पिशवीमुळे बारीक कणही जाणवतात. खरखर उरली असेल तरच क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मातीच्या गोळ्यासारखा मऊ तुकडा, घ्यावा आणि शाम्पूच्या भरपूर निसरड्या पाण्याबरोबर हलक्या हाताने फिरवावा. क्ले हातातून जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यावा, वाईट वाटले तरी.

पोडियम आणि बेसमेंट पार्किंगमधला एक डाग आपल्याकडच्या गाड्यांना चांगलाच परिचित आहे. पावसाळ्यात स्लॅबमधून झिरपलेले पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली ठिबकते आणि छतावर किंवा बॉनेटवर पांढरे, घट्ट टिपके सोडते. नखाने खरवडले की रंग जातो. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात भिजवलेले फडके डागावर एक-दोन मिनिटे ठेवावे, मग लगेच शाम्पूने धुवावे. ताजा चुना यात विरघळतो, जुन्याला पुन्हा पुन्हा लावावे लागते. तो फार दिवस राहिला तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पडतो आणि मग पॉलिशशिवाय इलाज नसतो. ठिबकणाऱ्या सांध्याखालची जागा बदलून मागणे हा डिटेलिंगचाच भाग समजावा. मेट्रोच्या खांबांखालून रोज जाणाऱ्या गाड्यांवर उडालेल्या सिमेंटच्या शिंतोड्यांनाही हीच पद्धत.

डांबराचे ठिपके काढायला टार रिमूव्हर घ्यावा. रॉकेल किंवा पेट्रोल लावायची सवय अजून आहे. त्याने दाराची रबरे फुगतात आणि बंद पार्किंगमध्ये आगीचा धोका असतो. पक्ष्यांची विष्ठा आणि पर्जन्यवृक्षाखाली पडणारा चिकटा त्याच दिवशी, ओला टिश्यू ठेवून मऊ करून उचलावा.

चमक आणि संरक्षण

पॉलिश आणि वॅक्स यांची गल्लत केल्याने बरेच पैसे वाया जातात. पॉलिशमध्ये बारीक अपघर्षक कण असतात. ते क्लिअर कोटचा थर किंचित घासून ओरखडे घालवतात, म्हणजे प्रत्येक वेळी थर थोडा संपतो. वॅक्स आणि सीलंट (कृत्रिम रसायनांचा संरक्षक लेप) थर चढवतात. नवशिक्याने पहिल्या वर्षी पॉलिशच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. जावेच वाटले तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, म्हणजे ज्याची चकती फिरता फिरता हेलकावतेही असे, घ्यावे, रोटरी नाही. रोटरी एकाच जागी फिरून उष्णता साठवते आणि कडेचा रंग क्षणात उडवते. गॅरेजमध्ये दरवर्षी ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणे हेही थर खर्च करणेच आहे.

कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळतो. त्याची झळाळी उबदार असते, पण आपल्या पावसात तो काही आठवडेच तग धरतो. सिंथेटिक सीलंट तीन ते सहा महिने टिकतो. सिलिका असलेले सिरॅमिक स्प्रे लावायला सर्वांत सोपे आहेत आणि नवशिक्यासाठी हाच मधला मार्ग ठीक. मेच्या शेवटी, पहिल्या सरीच्या आधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा लावावा. स्टुडिओत होणाऱ्या पक्क्या सिरॅमिक कोटिंगवर ‘९एच’ लिहिलेले असते. ते माप पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीचे आहे, रत्नांच्या कठीणपणाचे नव्हे. त्यामुळे कोटिंग केलेल्या गाडीला ओरखडे पडत नाहीत हा समज चुकीचा आहे. पाणी आणि माती लवकर सुटते, एवढा त्याचा खरा लाभ.

संरक्षणाचा थर दसऱ्याआधी असावा, कारण पूजेत गाडीला बरेच सोसावे लागते. ओले कुंकू पांढऱ्या रंगावर आणि काळ्या रबरावर छटा सोडते, अक्षता फडक्याखाली आल्या तर ओरखडतात, ग्रिलला दोऱ्याने बांधलेला झेंडूचा हार वाऱ्याने बॉनेटवर घासत राहतो. स्वस्तिक काचेवर काढावे, हार सैल न बांधता दुसऱ्या दिवशी उतरवावा आणि कुंकू कोरडे न पुसता शाम्पूच्या पाण्याने वाहून न्यावे.

आतली बाजू

इथे थोडकेच लागते. पातळ केलेला ऑल पर्पज क्लीनर, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम पुरतात. डॅशबोर्डला तेलकट चकाकी देणारे सिलिकॉन स्प्रे टाळावेत. ते समोरच्या काचेत परावर्तित होऊन डोळ्यांना त्रास देतात आणि धूळ ओढतात. आपल्याकडच्या बहुतेक ‘लेदर’ सीट लेदरेटच्या, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयूच्या असतात. त्यात कंडिशनर मुरत नाही, ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे. अमोनिया असलेला ग्लास क्लीनर फिल्म लावलेल्या काचांना आणि टचस्क्रीनला लावू नये. जुलै-ऑगस्टमध्ये मॅट ओले राहिले की बुरशी धरते, तेव्हा मॅट काढून घरात पंख्याखाली वाळवणे कुठल्याही सुगंधी स्प्रेपेक्षा उपयोगी. टायरला पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग, म्हणजे रबराला काळेपणा देणारा लेप, लावावे.

खरेदी आणि साठवण

मेग्वायर्स, थ्रीएम, सोनॅक्स, टर्टल वॅक्स ही परदेशी आणि वॅक्सपोल, वेवेक्स ही भारतीय नावे बाजारात सहज मिळतात. सुरुवातीला एकाच कंपनीचा दहा बाटल्यांचा किट घेण्यात अर्थ नाही, कारण त्यातल्या निम्म्या बाटल्यांची गरज वर्षभर पडत नाही. शाम्पू किंवा रिन्सलेस वॉश, एक मिट, दोन बादल्या, एक मोठा टॉवेल, सहा-आठ मध्यम फडकी, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि एक सिरॅमिक स्प्रे यांवर पहिला पावसाळा निघतो. आयर्न रिमूव्हर, क्ले आणि टार रिमूव्हर गाडीवर तसा डाग दिसेल तेव्हा घ्यावेत. ऑनलाइन घेतले किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारातून आणले, तरी वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली आहे का ते पाहावे. हे तपशील कायद्यानेच आवश्यक आहेत आणि सुट्या कॅनमधून भरून दिलेल्या द्रवावर ते नसतात.

रसायने पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नयेत. घरातले मूल ती तोंडाला लावू शकते. स्प्रे बाटलीवर मार्करने द्रवाचे नाव आणि पाण्याचे प्रमाण लिहावे. गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात बाटल्या ठेवू नयेत. बाल्कनीतल्या सावलीच्या कपाटात वरचा कप्पा त्यांना द्यावा, आणि रंगाची, काचेची व चाकांची फडकी तीन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.