यार्डाबाहेरचा चुकारा

वरुड-मोर्शीचा संत्रा आता दोन वाटांनी बाहेर पडतो. एक जुनी, बाजार समितीच्या यार्डातल्या हर्रासाची, म्हणजे लिलावाची. दुसरी मोठ्या साखळी दुकानांकडे, बहुतेकदा मधल्या पुरवठादाराच्या हातून. यार्डात निदान भांडायला जागा आहे. दुसऱ्या वाटेवर ऐनवेळी माल नाकारला, ठरल्यापेक्षा कमी भाव लावला किंवा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, महिनाभर रखडला, तर कोणाच्या दारात जायचे?

हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. खरेदीदारावर नियम बसवण्याची देशातली सुरुवातच इथली आहे. कारंजाचा कापूस बाजार 1886 मध्ये नियंत्रित झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. हेतू मात्र कास्तकाराच्या भल्याचा नव्हता, विलायतेतल्या गिरण्यांना चोख कापूस हवा होता. बाजार चालवणाऱ्या समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते, पिकवणाऱ्याला जागा नव्हती. नियम कोणासाठी लिहिला जातो, हे तेव्हापासून बघावे लागते.

1928 मध्ये शेतीवरच्या रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला. पुढे महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा 1963 चा कायदा आला. उघड लिलाव, परवानाधारक अडते आणि मापारी, मनमानी कपातीला बंदी. या तरतुदी कितपत पाळल्या गेल्या, ते यार्डात गाडी उभी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1972 पासूनच्या कापूस एकाधिकार योजनेत तर खरेदीदार सरकारच होते, तरी चुकाऱ्यासाठी ताटकळणे चुकले नाही. एकच मोठा गिऱ्हाईक असला की विकणाऱ्याचा आवाज बसतो, मग तो गिऱ्हाईक कोणीही असो.

जुलै 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्यावरचे यार्डाबाहेरचे नियमन उठवले आणि त्यांची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. अडतीचा निर्णय योग्यच होता. पण दार उघडताना बाहेर पहारा कोणाचा, हे ठरले नाही. 2020 च्या केंद्रीय कृषी कायद्यांत यार्डाबाहेरच्या सौद्याचे पैसे त्याच दिवशी, फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यायची अट होती. वाद मात्र उपविभागीय अधिकाऱ्याकडे न्यायचा आणि दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद. 2021 मध्ये ते कायदे मागे घेतले गेले आणि ती अटही गेली.

ब्रिटनने दुसरी दिशा धरली. 2010 पासून तिथे मोठ्या किराणा साखळ्यांना पुरवठा संहिता, म्हणजे पुरवठादारांशी कसे वागायचे याचे नियम, लागू आहे आणि 2013 च्या कायद्याने तिच्यावर स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमला. तक्रारदाराचे नाव गुप्त राहते, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. तक्रार केली की पुढच्या बहारात आपली गाडी कोणी घेणार नाही, ही भीती इंग्लंडातही आहे आणि काटोलातही. 2016 मध्ये या अधिकाऱ्याने टेस्को या मोठ्या किराणा साखळीला पुरवठादारांचे पैसे रखडवल्याबद्दल दोषी धरले. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाने नाशवंत मालाचे पैसे 30 दिवसांत देणे बंधनकारक केले आणि ऐनवेळी ऑर्डर रद्द करण्याला बंदी घातली.

ब्रिटिश संहितेत एक मोठे छिद्र मात्र आहे. ती साखळीला थेट माल देणाऱ्यालाच लागू होते. मध्यस्थामार्फत विकणारा शेतकरी तिच्या बाहेर राहतो. आपल्याकडे संत्र्याची बाग व्यापारी फुलावरच विसार देऊन ठरवतो. तसला नियम जसाच्या तसा इथे आणला, तर तो दुकान आणि व्यापारी यांच्यातच थांबेल, बांधापर्यंत पोचणार नाही.