प्रोसेसरचा ‘९० अंश’ आला कुठून?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की दुरुस्तीच्या दुकानांत ‘सीपीयू (प्रोसेसर) तापतोय, ९० अंश दाखवतोय’ अशी तक्रार घेऊन डेस्कटॉप येऊ लागतात. पण प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावरून काही ठरवू नये. तापमान मोजायची जागा आणि रीत, दोन्ही बदलत आल्या आहेत.

इंटेलची जुनी ३८६ प्रोसेसर चिप बहुधा उघडीच चाले. हीटसिंक, म्हणजे चिपवरची उष्णता खेचून घेणारा धातूचा ठोकळा, रुळला तो ४८६ डीएक्स२ (१९९२) आणि पेंटियम (१९९३) यांच्या काळात. पुढे मदरबोर्डवर सॉकेटच्या (चिप बसते त्या खाचेच्या) पोटात थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा भाग, आला. तो चिपच्या बाहेर असल्याने खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवी, तोही उशिरा. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीच्या २००० सालच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनवरून हीटसिंक निघाला तर चिप काही क्षणांत जळून जाई. त्याच वर्षीचा इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग उतरवून स्वतःला वाचवी.

२००६ च्या इंटेल कोअर मालिकेपासून डिजिटल सेन्सर कोअरमध्येच, म्हणजे चिपच्या आतच बसला. खरा घोळ इथे सुरू झाला. हा सेन्सर थेट अंश सांगत नाही. कमाल मर्यादा, म्हणजे टीजे मॅक्स, अजून किती दूर आहे तेवढंच सांगतो. अंश काढतो तो तापमान दाखवणारा प्रोग्राम, वजाबाकी करून. एकाने मर्यादा ८५ धरली आणि दुसऱ्याने १००, तर एकाच मशीनवर १५ अंशांचा फरक दिसणारच. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सवर एएमडीने आकडा मुद्दाम २० अंशांनी चढा ठेवला होता. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेतली वरची मॉडेलं तर पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेली आहेत.

त्यात खानदेशाचा उन्हाळा. हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं मशीन ४२ अंशांत साधारण ८२ दाखवेल, आणि त्यात बिघाड काहीच नसेल.

बिघाड ओळखायचा तो आकडा चढण्याच्या वेगावरून. सुरू केल्यावर काही सेकंदांत ९० गाठलं, तर हीटसिंक नीट टेकलेला नाही किंवा पाण्यावरचा कूलर असेल तर त्याचा पंप बंद आहे. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढलं, तर हवा अडते आहे. जिनिंगच्या आसपासच्या मशीनमध्ये कापसाची तूस पंखा आणि हीटसिंकच्या मधोमध नमद्यासारखी बसते. वरून सगळं स्वच्छ दिसतं. पंखा सोडवल्याशिवाय ती निघत नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर बेअरिंग जातं.

२००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून इंटेलच्या कूलरला चार पुश-पिना आल्या. त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी एक कोपरा उचलला जातो. पिना तिरप्या जोडीने दाबाव्यात, मग बोर्ड उलटा करून चारही काळ्या खुंट्या पांढऱ्या फटीतून पूर्ण आरपार आल्यात का ते पाहावं. कूलर एकदा उचलला की चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावीच लागते.