माणूसकेंद्री शालेय कोचिंग

शिक्षकाला त्याच्याच वर्गात, त्याने स्वतः निवडलेल्या अडचणीवर, बरोबरीच्या नात्याने आणि सातत्याने मदत करण्याची पद्धत. मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की खासगी शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर येतात. त्यांचा येथे संबंध नाही. येथे शिकणारा असतो तो शिक्षक. साथ देणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याला कोच, मार्गदर्शक किंवा मेंटॉर म्हणतात. शिक्षक स्वतःच्या कामाचा विचार करू शकतो आणि त्याला तो करायचा असतो, या विश्वासावर ही पद्धत उभी आहे.

समोरच्या माणसाचा विनाअट स्वीकार हे तत्त्व कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडले. या पद्धतीवर त्याची छाप दिसते. शाळांमध्ये तिला आकार आला तो १९८०च्या दशकात. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी दाखवले, की कार्यशाळेत व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि सराव असे सगळे झाले तरी शिकलेले तंत्र वर्गात फारसे उतरत नाही. शाळेत परतल्यावर सहकाऱ्याची साथ मिळाली तर ते रुजते. प्रशिक्षणाची फाइल कपाटात आणि फळ्यावर पुन्हा तेच, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. पुढे १९९६मध्ये या दोघांनी आपल्या पद्धतीतून परस्परांना तोंडी अभिप्राय देण्याची पायरीच काढून टाकली. अभिप्राय देता देता सहकारी नकळत तपासनीस होतो, असे त्यांना आढळले होते. त्यांच्या नव्या मांडणीत जो शिकवतो तो कोच, आणि मागे बसून पाहतो तो शिकणारा.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात काम केलेले जिम नाइट यांनी हे नाते भागीदारीचे मानले. समता, निवड आणि संवाद ही त्यांच्या सात तत्त्वांपैकी काही. त्यांवर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांचा प्रभाव आहे. यांतले निवडीचे तत्त्व पाळणे सर्वांत कठीण. काय सुधारायचे हे शिक्षकाने ठरवायचे असते, आणि मदत नको म्हणण्याची मोकळीकही त्याला असावी लागते.

प्रत्यक्ष काम अगदी लहान गोष्टींवर चालते. समजा, दुसरीच्या वर्गातल्या बाई म्हणतात, ‘ठरावीक चारच मुलं बोलतात.’ कोच मुलांशेजारी सतरंजीवर बसतो. बाई कशा शिकवतात यावर तो काहीच लिहीत नाही. प्रश्न विचारल्यापासून बाई पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद गेले, एवढेच टिपतो. हा अवधी बहुधा एखाद्या सेकंदाचाच असतो आणि तो तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते. पण कोच ते लगेच सांगत नाही. मधल्या सुट्टीत तो आकड्यांचा कागद बाईंपुढे ठेवतो आणि विचारतो, ‘यात तुम्हांला काय दिसतं?’ या प्रश्नानंतर त्याला स्वतःलाही थांबता यावे लागते. उपाय बाईंच्या तोंडून येतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो वर्गात दिसण्याची शक्यता कितीतरी वाढते.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अध्यापनाचा दर्जा सुमारे ०.४९ प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचे हे माप) आणि विद्यार्थ्यांची संपादणूक ०.१८ने वाढल्याचे त्यात दिसते. मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या कार्यक्रमांत मात्र हा परिणाम बराच ओसरतो. ज्या पद्धतीचा प्राणच दोन माणसांतला विश्वास आहे, ती परिपत्रकाने पसरवणे अवघड जाणारच.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने शिक्षकांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शन अभियान सुचवले. महाराष्ट्रात त्याआधीपासून, १९९०च्या दशकापासून, जिल्हा परिषद शाळांसाठी केंद्रप्रमुख हे पद आहे. ढोबळमानाने दहा शाळांमागे एक. शिक्षकाच्या सर्वांत जवळचा मार्गदर्शक तोच. पण पोषण आहाराची नोंद पाहणे, माहितीचे तक्ते गोळा करणे आणि शेरेबुकात शेरा लिहिणे हेही त्याच्याकडेच. शेरेबुक टेबलावर उघडे असताना ‘मला भागाकार नीट शिकवता येत नाही’ असे कोणता शिक्षक मोकळेपणाने सांगेल? एकाच माणसाकडे दोन्ही कामे देण्यातली ही अडचण खरी आहे, आणि तिचा दोष केंद्रप्रमुखांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत एखादा शिक्षक सहकाऱ्यांसमोर पाठ घेतो, तेव्हा जॉइस आणि शॉवर्स यांची मांडणी आपल्याकडे सर्वांत जवळून दिसते: पाठ घेणारा कोच, मागे बसलेले सगळे शिकणारे.